तरवडाचा मुलूख

सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेकडे चालू लागले म्हणजे पाऊस पावलोपावली मागे पडत जातो. महाबळेश्वरावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात कोसळणारा हा पाऊस सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असे मुक्काम करीत म्हसवडला पोचतो, तेव्हा त्याच्या गाठीला पाचशे मिलिमीटरसुद्धा धड उरलेले नसतात. अंतर म्हणाल तर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे. पण तेवढ्यात जग पालटते. आधी जांभूळ आणि ऐन दिसेनासे होतात, मग आंब्याची गर्द राई विरळ होते, काळ्या रानाच्या पट्ट्या अरुंद होत जातात आणि त्यांच्यामधून तांबूस मुरमाचे माळ वर येऊ लागतात. देश कोठे संपला आणि दुष्काळी मुलूख कोठे लागला, याची रेघ नकाशावर सापडत नाही. जमिनीवर मात्र ती सापडते. बांधाला, ओढ्याच्या काठाला, देवळामागच्या उतारावर पुरुषभर उंचीची, कधी त्याहूनही उंच, पिवळ्याधमक फुलांची झुडपे दिसू लागली म्हणजे समजावे, की आपण तरवडाच्या मुलखात आलो.

तरवड कोणी लावीत नाही. त्याला कोणी पाणी घालीत नाही, आळे करीत नाही, राखण ठेवीत नाही. भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत तो असा फुलतो, की एरवी उदास वाटणारा माळ ओळखू येऊ नये. फांदीच्या शेंड्याला फुलांचे घोस, प्रत्येक फुलाला सुरकुतलेल्या, पातळ अशा पाच पाकळ्या आणि खालच्या अंगाला बाकदार लांब पुंकेसर. पानाच्या देठापाशी कानाच्या पाळीसारखी दोन लहान पाने असतात. लिनेअसने १७५३ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले ते या कानांवरूनच. पुढे रॉक्सबर्गने त्याची जात बदलली, पण कान कायम राहिले. रस्त्याकडेला पावसाळ्यात माजणारा टाकळा हा याच कुळातला, परंतु टाकळ्याचे आयुष्य एका हंगामाचे. तरवड वर्षानुवर्षे उभा असतो. त्याच्या फुलात मध नाही. असतो तो केवळ पराग, आणि तोही पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या बारीक भोकांच्या आत कोंडलेला. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंगाने असा थरथरतो, की पराग आपोआप बाहेर उडतो. माळावर ऐकू येणारी ती घुमती गुणगुण पुष्कळांना ठाऊक असते. ती कशासाठी असते याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

त्याच्या तगून राहण्याचे रहस्य साधे आहे. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. शेळीसारखा प्राणीही, ज्याला बाभळीचा काटा वर्ज्य नाही, तरवडापाशी येऊन मान वळवतो. म्हणून जिथे सगळे चरून फस्त झाले तिथे तो उरतो, आणि उरला म्हणून बदनाम होतो. तरवड म्हणजे निकस जमीन, असे समीकरण महसुली कारकुनापासून शहरातल्या वृक्षप्रेमी माणसापर्यंत सर्वांच्या डोक्यात बसलेले आहे. हे समीकरण कसे बसले आणि ते बसण्याआधी हे झाड काय काय करीत होते, हा इतिहास कोणी एका ठिकाणी लिहिलेला नाही. तो तुकड्यातुकड्यांनी पसरलेला आहे, कारण तरवडाचा मुलूखही तसाच पसरलेला आहे.

मराठीत तरवड, गुजरातीत आवळ, कानडीत तंगडी किंवा आवरिके, तेलुगूत तंगेडू, तमिळमध्ये आवारम, संस्कृत वैद्यकात आवर्तकी. घाटाच्या पावसाकडे पाठ करून उभा असलेला सारा कोरडा दक्षिणापथ या नावांत आला. काठेवाडापासून श्रीलंकेपर्यंत हे झाड या भूमीचेच आहे; गुलमोहरासारखे ते कोणी जहाजातून आणलेले नाही. तमिळांच्या संघकाव्यात त्याचा उल्लेख दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे, आणि तो मोठा मजेदार आहे. प्रेमात निराश झालेला तरुण ताडाच्या झावळ्यांचा घोडा करी, त्यावर बसून भर गल्लीतून आपली विटंबना करून घेई आणि अशा रीतीने मुलीच्या घरच्यांना पेचात पकडी. त्या घोड्याला घालायच्या माळा असत तरवडाच्या फुलांच्या. स्वतःच्या गळ्यात रुईची फुले. ज्या फुलांना बाजारात किंमत नाही ती अंगावर घेतली म्हणजे लाज सोडली, असा त्याचा अर्थ. म्हणजे तरवडाची उपेक्षाही जुनीच म्हणायची!

परंतु त्याच फुलाला देव्हाऱ्यात जागा आहे. आपल्याकडे देशावर नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते, आणि कितीतरी घरांत ती तरवडाच्या फुलांची असते. त्याच सुमारास, भाद्रपदी अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत, तेलंगणातल्या बायका ताटात किंवा सुपात फुलांचे थरावर थर रचून शिखरासारखी बतुकम्मा उभी करतात, तिच्याभोवती फेर धरून गातात आणि शेवटी तिला तळ्यात सोडतात. या फुलांत मान तंगेडूचा. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि त्याच वर्षी तंगेडू हे राज्यपुष्प ठरले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात त्याच मुलखाबरोबर नांदला. सीमा आखल्या गेल्या, भाषा वेगवेगळ्या कारभारांत गेल्या. नऊ रात्रींचे फूल मात्र दोन्हीकडे तेच राहिले. तिकडे तमिळ देशात पोंगलच्या तोंडावर घराच्या वळचणीला कडुनिंबाच्या डहाळीबरोबर तरवडाची फुले खोचतात. ज्या ऋतूत माळावर दुसरे काही मिळत नाही त्या ऋतूतले हे फूल आहे, एवढेच त्याचे माहात्म्य असेल. पण देवाला जे मिळते तेच वाहायचे असते.

आता फुलाकडून लाकडाकडे वळू. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि म्हैसूरचा मुलूख कंपनीच्या छायेत आला. हाती आलेल्या मुलखात काय काय पिकते आणि काय काय बनते याची मोजदाद करण्यासाठी वेलस्लीने डॉ. फ्रान्सिस बुखानन याला धाडले. हा डॉक्टर १८०० आणि १८०१ या दोन वर्षांत मद्रासपासून मलबारपर्यंत गावोगाव फिरला आणि त्याने तिखटमिठाशिवाय, पण डोळ्यांत तेल घालून जे पाहिले ते टिपले. १८०७ साली त्याचे तीन खंड लंडनला छापून निघाले. त्यात पोलाद करणाऱ्यांच्या भट्टीचे वर्णन आहे. मातीची लहान मूस घ्यायची, तिच्यात लोखंडाचा तुकडा घालायचा, त्यासोबत तीन रुपये भार वजनाच्या तंगडीच्या, म्हणजे आपल्या तरवडाच्या, काटक्या आणि एका वेलीची दोन हिरवी पाने ठेवायची, तोंड मातीने लिंपून बंद करायचे आणि भात्याने फुंकलेल्या कोळशाच्या आगीत मुशी रचून तापवायच्या. आत काय घडे? काटक्या जळत नसत, कारण हवा नसे. त्यांचा कोळसा होई आणि त्यातला कार्बन लोखंडात शिरे. कार्बन शिरला की लोखंड कमी उष्णतेत वितळते. मूस थंड झाल्यावर फोडली की आत पोलादाची लहानशी गोळी निघे.

ही गोळी म्हणजे युरोपात गाजलेले वूट्झ. कानडीतल्या ‘उक्कु’ शब्दाचाच बहुधा हा साहेबी अवतार. दमास्कसच्या ज्या तलवारींवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे, त्या असल्या हिंदी पोलादाच्या घडत. या गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे. डॉ. हेलेनस स्कॉट नावाच्या, मुंबईत असलेल्या कंपनीच्या वैद्याने या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन याने रॉयल सोसायटीपुढे त्यांवर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडेसारखा माणूस, विजेच्या शोधांकडे वळण्यापूर्वी, याच वूट्झचे गुपित उकलण्यात गुंतला होता. ते अमुक धातूच्या मिश्रणात असेल, तमुकच्या असेल, असे तर्क त्याने केले. १८३९ साली जोसाया हीथ याने पुन्हा लिहिले, की मुशीत घालतात ते तरवडाचे वाळके लाकूड आणि वर रुईची पाने. हा हीथ मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना काढून बसलेला. त्याला भट्टीतले कळत होते. त्याला नवल वाटे ते याचे, की रसायनशास्त्राचा गंध नसलेल्या माणसांना ही युक्ती सुचली कशी.

आज आपण सांगू शकतो, की तरवडाच्या जागी दुसरे लाकूड घातले असते तरी कार्बन मिळालाच असता. मग तरवडच का? माझे उत्तर असे, की जिथे ही लोखंडी माती सापडत होती तिथे तरवड हाताशी होता, काटक्या एकसारख्या जाडीच्या मिळत होत्या, त्यामुळे वजनाचा अंदाज चुकत नव्हता. कारागिराच्या दृष्टीने ‘तीन रुपये भार’ हेच शास्त्र. कार्बन कमी पडला तर लोखंड मऊ राहते, जास्त झाला तर ते ठिसूळ होऊन घणाखाली फुटते. हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या त्या भट्टीवाल्यांची नावे बुखाननने टिपलेली नाहीत. झाडाचे नाव मात्र आले आहे.

पोलादापेक्षा तरवडाचा मोठा व्यवहार झाला तो सालीचा. त्याच्या वाळलेल्या सालीत सुमारे पाचवा हिस्सा टॅनिन असते. टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य. कच्च्या चामड्यात ते मुरले की चामडे कुजत नाही, त्याचे कातडे होते. आपल्याकडे हे काम ढोर समाजाचे. चुन्याच्या निवळीत कातडे भिजवून केस काढायचे, खरवडायचे, मग तरवडाच्या किंवा बाभळीच्या सालीच्या पाण्यात दिवसच्या दिवस ठेवायचे. कधी कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून ती तिकाटण्याला टांगायची, म्हणजे अर्क आतून बाहेर पाझरतो. शेवटी हिरड्याचा हात, कारण नुसत्या तरवडाने कमावलेले कातडे उन्हात लालसर पडते. वास असा, की गावाने ही वस्ती नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवली. महाराने मेलेले जनावर ओढायचे, ढोराने कमवायचे, चांभाराने शिवायचे आणि तिघांनीही वेशीबाहेर राहायचे, अशी ही वाटणी होती. तिला वाटणी म्हणणे हेही खरे म्हणजे फार सौम्य बोलणे झाले.

आणि त्या कातड्याचे गावात काय होई? मोट होई. विहिरीवर इंजिन बसण्याआधी, विजेचा पंप येण्याआधी, दख्खनचे सगळे बागायत मोटेवर चालत असे. बैलांची जोडी धावेवरून उतरे, चामड्याची मोट सोंडेसकट वर येई आणि थारोळ्यात पाणी ओते. पखाल चामड्याची, नाडा चामड्याचा, वहाण चामड्याची. ज्याच्या हाताचे पाणी गाव पीत नसे, त्याने कमावलेल्या मोटेतूनच गावाचे पाणी वर येत असे. या विसंगतीवर बोट ठेवणारे फार पूर्वीही झाले. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या भोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात डोहर कक्कय्या हा कातडी कमावणारा होता. कल्याण, आजचे बसवकल्याण, हेही कोरड्या माळांच्याच मुलखात आहे. ढोर समाज आजही कक्कय्यांना आपले संत मानतो.

एकोणिसाव्या शतकात या सालीने समुद्र ओलांडला. मद्रास इलाख्यात आवारमच्या सालीने अर्धवट कमावलेली कातडी लंडनच्या बाजारात जाऊ लागली आणि ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नावाने तिचा दबदबा झाला. खेड्यापाड्यांतल्या बायामुले माळावरून फांद्या तोडून, साल सोलून, वाळवून भारे विकीत. मुंबईत धारावीच्या दलदलीच्या कडेला १८८७ च्या सुमारास कातडी कमावण्याचा पहिला कारखाना निघाला. तिरुनेलवेलीकडून आलेल्या तमिळ कारागिरांनी तिथे हा धंदा वाढवला. पुढे धारावीतले हे काम शहराबाहेर गेले, पण तिथल्या एका रस्त्याला संत कक्कय्यांचे नाव आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी कितीजण त्या नावाचा तरवडाशी संबंध लावतील?

या व्यापाराच्या आकड्यांत एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. कातड्याची निर्यात सगळ्यात फुगे ती दुष्काळाच्या वर्षांत. १८७६ ते ७८, १८९६-९७, १८९९-१९००, दख्खनला ज्या सालांनी झोडपून काढले त्या सालांत चाऱ्यावाचून गुरे पटापट मेली आणि नव्या रेल्वेने कातड्यांचे गठ्ठे बंदरांकडे नेले. बैल गेला म्हणजे पुढल्या पावसाची पेरणी गेली. शेतकरी खडी फोडायला दुष्काळी कामावर गेला आणि त्याच्या बैलाचे कातडे बोटीत चढले. माळावर तेव्हा काय हिरवे राहिले असेल? गवत जळाले, बाभळीची डहाळी ओरबाडली गेली. गुरांना नको असलेला तरवड उभा होता, आणि गुरांची कातडी टिकवायला त्याचीच साल लागत होती. इतिहासाच्या पुस्तकांत दुष्काळाच्या वर्णनाला पाने असतात, निर्यातीला वेगळी पाने असतात. ती दोन पाने एकमेकांसमोर ठेवून वाचली पाहिजेत.

पहिल्या महायुद्धात फौजेला बूट कमी पडू लागले. बुटाच्या वरच्या भागाला हे मद्रासी कातडे चांगले, म्हणून १९१६ साली सरकारने मद्रास आणि मुंबईकडची अशी कातडी लष्करासाठी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. फ्रान्सच्या चिखलातल्या खंदकांत जे पाय उभे होते, त्यांतल्या कितीतरी पायांत अशा प्रकारे आपल्या कोरड्या माळांची साल होती. हा तरवडाचा वैभवकाळ. परंतु त्याला ग्रहण आधीच लागले होते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ साली क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले होते. जे काम सालीला आठवडे लागत ते रसायनाने थोड्या दिवसांत होऊ लागले. मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन याने १९०३ पासून त्याचे प्रयोग केले. अमेरिकेला कमावलेले कातडे नको, कच्चे हवे, अशी मागणी सुरू झाली आणि मद्रासचे पुष्कळ कारखाने बसले.

दुसरा प्रतिस्पर्धी झाडच होते. ऑस्ट्रेलियातले ब्लॅक वॅटल. १८६४ साली व्हँडरप्लँक नावाच्या माणसाने त्याचे बी दक्षिण आफ्रिकेत नाताळला नेले आणि तिथे त्याच्या बागा उभ्या राहिल्या. वॅटलची साल आणि तिचा अर्क बोटीने हिंदुस्थानात येऊ लागला. तरवडाची साल माळावर भटकून एकेका झुडपाची गोळा करावी लागे. वॅटल ओळीत लावलेले, एकाच मापाचे, स्वस्त. आवारम मागे पडला. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. वर्णभेदाविरुद्धचे ते पाऊल होते आणि ते रास्तच होते. पण चर्मोद्योगाला साल हवी होती. तेव्हा कोणाला माळावरच्या तरवडाची आठवण झाली असती तर निराळे घडले असते. झाले असे, की निलगिरी आणि पळणीच्या डोंगरमाथ्यांवरच्या गवताळ कुरणांत वॅटलच्याच बागा वाढवल्या गेल्या. तिथले गवत म्हणजे रिकामी जागा, असा हिशेब. आज तेच वॅटल शोलांच्या कडेची कुरणे गिळीत चालले आहे आणि ते उपटण्यासाठी खटले, आदेश आणि खर्च चालू आहेत. मद्रासला १९४८ साली निघालेल्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेत आवारमवर काम झाले; धंद्याचे वळण मात्र बदलले नाही.

‘रिकामी जागा’ हा हिशेब आपल्याकडे त्याआधी शंभर वर्षे मांडला गेला होता. १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची नवी पद्धत घातली. प्रिंगलची आधीची मोजणी फसली होती आणि रयत गावे सोडून चालली होती, त्यामानाने ही पद्धत पुष्कळ माणुसकीची होती, हे कबूल केले पाहिजे. मातीची खोली पाहून, रंग पाहून आणेवारी ठरली. आणि सर्व्हे नंबरात जेवढा तुकडा नांगराखाली येत नव्हता तो ‘पोटखराबा’ म्हणून सारा माफ झाला. सारा माफ झाला ही कृपाच. पण त्याबरोबर नाव पडले ते पडले. इंदापूर म्हणजे तरवडाचा ऐन मुलूख. ज्या तुकड्यावर मेंढरे चरत, साल सोलली जाई, सर्पण मिळे, घटाची फुले मिळत, तो कागदावर खराब ठरला. जमीन खराब नव्हती. फक्त तिच्यातून सारा निघत नव्हता.

या माळांवर काही उगवत नाही हे तरी कितपत खरे आहे? १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना मांडला. तिथून निघालेले नांगर आणि पंप पुढे मोट हद्दपार करायला कारण झाले. त्याच १९१० साली कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक साप्ताहिक काढले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून चालवले, १९६७ साली त्यांचे निधन होईपर्यंत. खेड्यात छापखाना, खेड्यात संपादक, आणि वाचणारे कुणबी! ज्या गावाच्या नावातच हे झाड ऐकू येते, तिथून सावकाराच्या आणि भटभिक्षुकीच्या कारभाराचा हिशेब आठवड्याला मांडला जात होता.

स्वातंत्र्यानंतर पाणी आले. उजनीचे, नीरेचे, अलीकडे टेंभू-ताकारीच्या उपशाचे. आटपाडीच्या माळावर डाळिंब आणि ऊस दिसू लागला. तरवड गेला म्हणून त्याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तीन पिढ्या दुष्काळ पाहिलेल्या माणसाच्या दारी पाट आला, तर त्याने झुडूप ठेवावे की ऊस लावावा हे त्याने ठरवावे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीविषयी. जिथे पाणी गेले नाही आणि जाणारही नाही तिथे माळ ‘हिरवा’ करण्याची हौस सुरू झाली. सुबाभूळ आली, गिरिपुष्प आले, निलगिरी आली, ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. या शेवटच्या झाडाच्या शास्त्रीय नावातही कानच आहे आणि त्याची फुलेही पिवळीच आहेत! घरच्या कानवाल्याला उपटून परक्या कानवाल्याला खड्डा खणून द्यायचा, असा हा कार्यक्रम. गिरिपुष्पाच्या दाट सावलीखाली गवत मरते. गवत गेले की मेंढरांची वाट मोडते, माळटिटवी जाते, चंडोल जातो, चिंकारा जातो. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य म्हणून पाच चौरस किलोमीटरांचा तुकडा १९९७ साली राखला गेला, तिथे चिंकारा अजून दिसतो. तो तिथे आहे तो रान दाट आहे म्हणून नव्हे, उघडे आहे म्हणून.

हे माळ म्हणजे तोडून उजाड झालेले जंगल, ही समजूत शाळेपासून आपल्या मनात बसलेली असते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जुन्या मराठी वाङ्मयातले, चरित्रांतले, आख्यानांतले, ओव्यांतले झाडझाडोऱ्याचे उल्लेख गोळा करून दाखवले आहे, की पश्चिम महाराष्ट्रातले हे मोकळे, काटेरी झाडांचे माळ कित्येक शतके असेच आहेत. धनगरांचा अभ्यास करणाऱ्या गुंथर सोन्थायमर यांनी त्याआधीच हे दुसऱ्या वाटेने सांगितले होते. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा हे गवताळ रानाचे देव आहेत. मेंढरांच्या वाटांवर त्यांची ठाणी आहेत. जेजुरीच्या कऱ्हेपठारावर खंडोबाचा भंडारा उधळला जातो, तो मुलूखही तरवडाचाच. त्या पिवळ्याचा या पिवळ्याशी नाते जोडण्याचा मोह होतो, पण भंडारा हळदीचा. हळदीचा मान हळदीला असू द्यावा.

सालीचा व्यापार आता नाममात्र उरला आहे. फुलांना मात्र नवे गिऱ्हाईक मिळाले. तमिळनाडूत वाळक्या फुलांची पूड कांतीसाठी आणि मधुमेहासाठी पाकिटांतून विकली जाते, श्रीलंकेत रणवरा नावाने फुलांचा काढा चहासारखा पितात. बतुकम्माच्या दिवसांत शहरातल्या बायकांना तंगेडूची फुले बाजारातून विकत घ्यावी लागतात, कारण शहराभोवतीच्या ज्या माळांवर ती फुकट मिळत तिथे घरांच्या वसाहती झाल्या. आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पोटखराब्याचा रकाना अजून आहे. माण-खटावात, सांगोल्यात, जतेत दिवाळीच्या सुमारास त्या रकान्यातल्या जमिनीवर तरवडाच्या चपट्या, कागदासारख्या शेंगा तपकिरी होऊ लागतात. बाजरी निघालेली असते, आणि कोकणाकडे उतरायला निघालेले धनगरांचे वाडे त्यांच्या बाजूने पुढे सरकत असतात. मेंढरे बांधावरचे सगळे खातात, तरवड तेवढा सोडतात.